एसटीपीच्या टाकीला हवा देताना: ब्लोअर, डिफ्यूझर आणि गाळ यांचा क्रमवार मेळ

हवा ढकलणारं यंत्र, म्हणजे ब्लोअर, चोवीस तास चालू, टाकीत बुडबुडे दिसतायत, तरी बाहेर पडणारं पाणी गढूळ आणि वास मारणारं. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारकडच्या वसाहती, वसतिगृहं, रुग्णालयं यांच्या लहान एसटीपींवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, ही तक्रार ठरलेली, आणि तिच्यावर सुचवला जाणारा उपायही ठरलेला: मोठा ब्लोअर बसवा. बहुतेक ठिकाणी असलेला ब्लोअर पुरेसा असतो. हवा वाटेत गळते, एकाच कोपऱ्यात उसळते, किंवा टाकीत गाळ इतका साचलेला असतो की कितीही हवा दिली तरी कमीच पडते. मोठ्या ब्लोअरनं यातलं काहीच सुटत नाही, वीजबिल मात्र वाढतं.

पुढचे सगळे आकडे रोज १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर सांडपाणी येणाऱ्या, तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर असलेल्या प्लांटचे आहेत. हवेची टाकी ६० घनमीटरची, आत पाणी ३.५ मीटर. तुमचा प्लांट ५० चा असो की २००चा, हिशेबाची रीत हीच.

## १. खरेदीआधी कागदावरचा हिशेब

ब्लोअर एचपी विचारून घेतला जातो, ही पहिली चूक. एचपी शेवटी येतो. आधी ऑक्सिजन, मग हवा, मग दाब, मग मोटर.

ऑक्सिजन. येणाऱ्या पाण्याचा बीओडी (त्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर रोज २५ किलो बीओडी टाकीत येतो. त्यातला २४ किलो काढायचा. दर किलोला साधारण १.२ किलो ऑक्सिजन, म्हणजे २९ किलो. घरगुती सांडपाण्यात अमोनिया असतोच. १ किलो अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो. रोज ३ किलो नायट्रोजन धरला तर आणखी १४ किलो. एकूण ४३ किलो. अमोनियाचा हा हिस्सा अनेक कोटेशनांत धरलेलाच नसतो. कोटेशन हातात आलं की आधी तो शोधा.

हवा. १ घनमीटर हवेत सुमारे ०.२८ किलो ऑक्सिजन असतो, पण पाण्यात विरघळतो त्याचा थोडाच भाग. बारीक बुडबुड्यांचा चांगला डिफ्यूझर स्वच्छ पाण्यात दर मीटर खोलीला ५ ते ६ टक्के ऑक्सिजन विरघळवतो. डिफ्यूझर तळापासून २५ सेंटिमीटर वर असेल तर बुडबुड्याचा प्रवास ३.२५ मीटर होतो, आणि कॅटलॉगमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास आकडा दिसतो. तो जसाच्या तसा धरू नका. सांडपाण्यातला साबण, गाळ, तापलेलं पाणी आणि टाकीत लिटरला २ मिलिग्रॅम ऑक्सिजन शिल्लक ठेवायची अट, हे सगळं वजा करता हाती साधारण ७ टक्के उरतात. म्हणजे ४३ किलो ऑक्सिजनसाठी रोज सुमारे २,२०० घनमीटर हवा, ताशी ९२.

हे झालं सरासरीचं. सकाळच्या गर्दीसाठी दीडपट धरा: ताशी १३८. आता खानदेशची भर. मे महिन्यात ब्लोअर ४५ अंशांची हवा ओढतो. ती २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते. घनमीटर तेवढेच, ऑक्सिजन कमी. म्हणून ताशी १५० घनमीटरचा ब्लोअर.

दाब. डिफ्यूझरवर ३.२५ मीटर पाणी, अधिक डिफ्यूझर आणि पाइप यांचा अडथळा मिळून अंदाजे ०.४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ब्लोअर ०.५ किलोच्या रेटिंगचा घ्या. या कामाला ५ एचपीची मोटर पुरते. एक चालता, एक राखीव असे दोन ब्लोअर हवेतच. एकाच्या भरवशावर जिवंत गाळ (टाकीतले घाण खाणारे जिवाणू) ठेवू नका.

डिफ्यूझर. ९ इंची डिस्क (रबराच्या सच्छिद्र पडदीची चकती) ताशी २ ते ६ घनमीटर हवेवर नीट चालते. ३५ डिस्क बसवल्या तर सरासरीला प्रत्येकीवर २.६ आणि गर्दीच्या वेळी ४ च्या आत हवा येते. पैसे वाचवायला २० डिस्क बसवल्या तर प्रत्येकीवर ७ घनमीटरपर्यंत हवा जाते. बुडबुडे मोठे होतात, झपाट्यानं वर येतात आणि विरघळणं घटतं.

तपासा: कोटेशनमध्ये हवा ताशी घनमीटरमध्ये, कोणत्या दाबाला, आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान किती धरून, हे तिन्ही लिहिलेलं आहे का? नुसतं '५ एचपी ट्विन लोब' (दोन फिरत्या लोबनी हवा ढकलणारा ब्लोअर) एवढंच असेल तर ते परत पाठवा.

## २. हवेच्या टाकीआधीची कामं

इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया जातं.

जाळी रोज सकाळी साफ करायची. प्लास्टिक, केस, चिंध्या टाकीत गेल्या की डिफ्यूझरला आणि सेटलिंग टाकीत बसलेला गाळ हवेच्या टाकीत परत आणणाऱ्या परतीच्या गाळपंपाला गुंडाळतात.

तेलाचा सापळा याहून महत्त्वाचा. खानावळीच्या शेवभाजीची तर्री आणि भरिताच्या कढईचं धुवण थेट हवेच्या टाकीत आलं तर दोन नुकसानं होतात. तेलाचा थर ईपीडीएम रबराची पडदी फुगवतो, त्यामुळे तिची छिद्रं बिघडतात. शिवाय तेल-साबण बुडबुड्याच्या भोवती बसून ऑक्सिजनला पाण्यात जाऊ देत नाही. वसतिगृहाची किंवा हॉटेलची मोरी असेल तर सापळ्यावरचा थर दर दोन-तीन दिवसांनी काढा आणि वेगळ्या डब्यात भरा. तो काढून पुढच्या चेंबरमध्ये ढकलण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती आजच बंद करा.

समतोल टाकीतून (जिथे येणारं पाणी आधी साठतं) हवेच्या टाकीत पाणी एकसारखं जायला हवं: १०० घनमीटरच्या प्लांटला ताशी ४ ते ५ घनमीटर. प्रत्यक्षात ताशी १२-१५ घनमीटरचा पंप फ्लोटवर (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा) बसवलेला असतो. तो वीस मिनिटं धबाधबा पाणी ढकलतो आणि मग तासभर गप्प राहतो. गाळाला आधी अजीर्ण, मग उपास. लहान पंप चोंदत असेल तर पंप मोठाच ठेवा, पण डिलिव्हरीवर टी टाकून जादा पाणी व्हॉल्व्हमधून समतोल टाकीतच परत फिरवा. बादली आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजा: १५ लिटरची बादली ११ ते १३ सेकंदांत भरली की जमलं.

समतोल टाकीलाही हवा लागते, मोठ्या बुडबुड्यांची आणि दिवसरात्र. नाहीतर पाणी तिथेच सडतं, त्यात सल्फाइड तयार होतं, आणि पुढच्या टाकीतला बराचसा ऑक्सिजन ते सल्फाइडच खाऊन टाकतं.

## ३. ब्लोअरची खोली आणि पाइप

ब्लोअर टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जागी बसवा. जागाच नसेल तर हवेचा मुख्य पाइप पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीच्या किमान ३० सेंटिमीटर वर नेऊन मगच खाली उतरवा. लाइट गेली की डिफ्यूझरमधून मागे शिरलेलं पाणी पाइपातून ब्लोअरपर्यंत जाऊ शकतं. लोबमध्ये पाणी शिरलेला ब्लोअर तसाच चालू केला तर तो दुरुस्तीच्याही पलीकडे जातो.

खोलीला समोरासमोर दोन झडपा आणि एक्झॉस्ट पंखा हवा. बंद खोलीत ब्लोअर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. सक्शनचं तोंड सावलीच्या बाजूला, जमिनीपासून मीटरभर वर ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळीची धूळ असते आणि जिनिंग जवळ असेल तर हंगामभर कापसाचे तंतू उडतात. तंतू फिल्टरवर नमद्यासारखे बसतात. बाहेरून फिल्टर ठीक दिसतो, हवा मात्र अडते. अशा जागी फिल्टर आठवड्यातून दोनदा झटका.

पाइपाचा क्रम असा: ब्लोअर, सायलेन्सर, सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, एनआरव्ही (हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह), मग आयसोलेशन व्हॉल्व्ह, मग मुख्य हेडर. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ब्लोअर यांच्यामध्ये कोणताही व्हॉल्व्ह नको. ताशी १५० घनमीटरला ३ इंची पाइप पुरतो.

आता सर्वांत जास्त घडणारी चूक. जळगावात पीव्हीसी पाइप जवळ मिळतो, स्वस्त मिळतो, म्हणून ब्लोअरपासूनच पीव्हीसी टाकला जातो. ०.४ किलो दाबाला हवा दाबताना ती ४० ते ५० अंशांनी तापते. ४५ अंशांची हवा आत गेली तर बाहेर ९० अंशांच्या आसपास येते. पीव्हीसीवर ६० अंशांपुढे भरवसा ठेवता येत नाही. जोड ढिले होतात, पाइप झोळीसारखा लोंबतो, आणि नेमका मे महिन्यात दुपारी सुटतो. ब्लोअरपासून टाकीच्या तळापर्यंत उतरणारा पाइप जीआय किंवा स्टेनलेसचा ठेवा. तळावरचं जाळं पीव्हीसीचं चालतं, कारण त्याच्याभोवती कायम पाणी असतं.

सावधान: डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून ट्विन लोब ब्लोअर कधीही चालू करू नका. हा पंख्यासारखा नाही. प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतोच. व्हॉल्व्ह आवळून हवा कमी होत नाही. दाब आणि मोटरचे अँपिअर तेवढे वाढतात. हवा कमी करायची असेल तर व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणानं) फेरे कमी करा किंवा पुली बदला.

तपासा: मोटर एक झटका देऊन बंद करा आणि फिरण्याची दिशा बाणाशी जुळते का बघा. ऑइलच्या काचेत पातळी मध्यावर हवी. पट्टा अंगठ्यानं दाबून पाहा. सैल पट्टा सुरुवातीला किंचाळतो, करकचून ताणलेला बेअरिंग खातो.

## ४. डिफ्यूझर बसवणं

या टप्प्याला घाई चालत नाही. ३५ डिस्क दोन माणसं एका दिवसात नीट बसवतात.

आधी पाइपांचं जाळं बसवा, डिस्क नंतर. पाइप कापताना पडलेला भुसा, वाळू, सिमेंटचे खडे आत असतातच. डिस्क लावण्याआधी ब्लोअर एक-दोन मिनिटं चालवून सगळ्या भोकांतून कचरा उडवून टाका. त्याहून जास्त वेळ कोरड्या टाकीत चालवू नका, तळाचा पीव्हीसी तापतो. हे न करता डिस्क बसवल्या तर हा सगळा कचरा आतून पडदीच्या छिद्रांत जाऊन बसतो, आणि तो बाहेरून कशानंच निघत नाही.

मग लेव्हल. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी इथे लेसरइतकीच उपयोगी. सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या डिस्कमध्ये १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको, ५ मिलिमीटरच्या आत आणता आला तर उत्तम. हवा सोपी वाट धरते. रात्री हवा कमी केली की उंचावरच्या डिस्कमधूनच ती निसटते. खालच्या डिस्क बंद पडतात आणि त्यांच्यावर गाळ बसू लागतो.

डिस्क हातानं घट्ट करा, मग पाव फेरा. पाना लावून जोर केला तर आटे किंवा सॅडल (पाइपावरची डिस्कची बैठक) तडकतात आणि तडा पाणी भरल्यावरच कळतो. आट्यांना ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ईपीडीएम फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

जाळं तीन-चार भागांत विभागा आणि प्रत्येक भागाला वर वेगळा व्हॉल्व्ह द्या. ओढून बाहेर काढता येणारे भाग थोडे महाग पडतात, पण दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करावी लागत नाही आणि माणूस आत उतरवावा लागत नाही. हा खर्च टाळू नका.

सावधान: बसवलेल्या डिस्क उघड्या टाकीत उन्हात ठेवू नका. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन रबर कडक करतं. पुढची चाचणी उरकून त्याच दिवशी डिस्कवर किमान मीटरभर पाणी भरा. तेवढं पाणी नसेल तर पाणी आल्यावरच डिस्क बसवा.

## ५. साध्या पाण्यातली चाचणी

सांडपाणी सोडण्याआधीची ही शेवटची संधी. नंतर तळ दिसणार नाही.

टाकीत साधं पाणी डिस्कच्या वर १० ते १५ सेंटिमीटर येईपर्यंत भरा. भरताना, पाणी डिस्कच्या कडेला टेकतं तेव्हा जरा थांबा: सगळ्या डिस्क एकाच वेळी ओल्या व्हायला हव्यात. हीच लेव्हलची खरी परीक्षा.

मग ब्लोअर चालू करून काठावर बसा आणि नुसतं पाहा. चांगली डिस्क पूर्ण चकतीभर, दुधावर यावा तसा बारीक फेस सोडते. कडेनंच हवा येत असेल तर पडदीची रिंग नीट बसलेली नाही. एका जागी लिंबाएवढे बुडबुडे उसळत असतील तर जोड गळतोय. अर्धी चकती गप्प असेल तर ती वाकडी बसली आहे. प्रत्येक दोष खडूनं भिंतीवर लिहा, ब्लोअर बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा चालवा. सगळ्या ३५ डिस्क एकसारख्या दिसेपर्यंत पाणी वाढवू नका.

त्यानंतर टाकी पूर्ण भरून गेजवरचा दाब आणि मोटरचे अँपिअर लिहून ठेवा. समजा ०.३९ किलो आणि ५.८ अँपिअर. हे दोन आकडे ब्लोअरच्या खोलीत रंगानं लिहा. पुढच्या पाच वर्षांच्या निदानाचा पाया हाच.

## ६. गाळ रुजवणं

टाकीत काम करतात ते जिवाणू, हवा त्यांच्यासाठी. ते आणायचे चालू असलेल्या, चांगल्या चालणाऱ्या एसटीपीच्या परतीच्या गाळातून.

६० घनमीटर टाकीत सुरुवातीला लिटरला १,००० मिलिग्रॅम गाळ हवा, म्हणजे ६० किलो कोरडा गाळ. परतीचा गाळ १ टक्का घट्ट असेल तर ६,००० लिटरचा एक टँकर. तो संध्याकाळी भरा आणि चार-पाच तासांच्या आत टाकीत ओता. दुपारच्या उन्हात बंद टँकरमध्ये फिरलेला गाळ काळा पडतो आणि निम्मा मेलेला असतो.

शेण आणि गूळ टाकायची पद्धत सर्वत्र आहे. शेणातले जिवाणू मुख्यतः हवेविना जगणारे, आणि त्यातला चारा पंपात अडकतो. गुळानं गाळाला साखरेचा मारा होतो, त्यात तंतुमय जिवाणूंना वाव मिळतो आणि गाळ खाली बसेनासा होतो. सांडपाण्यात खाद्य भरपूर असतं. वेगळं द्यायची गरज नाही.

पहिल्या आठवड्यात एकूण पाण्याच्या पावपट पाणी घ्या, दुसऱ्यात निम्मं, तिसऱ्यात पाऊण, चौथ्यात पूर्ण. या काळात पांढरा, साबणासारखा फेस चढतो. तो कोवळ्या गाळाचा आहे. पाण्याचा फवारा मारा आणि थांबा. फेस बघून हवा बंद करणं म्हणजे रुजत असलेला गाळ मारणं.

## ७. डीओ मोजणं

टाकीत विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, लिटरला १.५ ते २.५ मिलिग्रॅम हवा. मोजणं सोपं आहे, पण चुकीचं मोजणं त्याहून सोपं.

बाटलीत नमुना भरून लॅबला पाठवू नका. आपल्या उदाहरणातल्या टाकीत गाळ दर तासाला लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम ऑक्सिजन खातो. याचा अर्थ २ मिलिग्रॅम डीओ चार मिनिटांत संपतो. लॅबमध्ये पोहोचतं ते शून्य. मीटर टाकीवर न्या आणि प्रोब टाकीतच सोडा.

मोजण्याआधी मीटर हवेत कॅलिब्रेट करा. प्रोब निम्म्या खोलीवर, बुडबुड्यांच्या थेट वर न येईल असा धरा, हळू हलवत ठेवा, आकडा स्थिरावायला दोन-तीन मिनिटं द्या. चारही कोपरे आणि मध्य, अशा पाच जागा. वेळ सकाळी ८ ते १०, जेव्हा पाणी सर्वांत जास्त येतं. दुपारी ३ ला मोजलेला चांगला आकडा फसवा असतो.

पाचही जागी कमी असेल तर एकूण हवा कमी किंवा गाळ जास्त. एकाच कोपऱ्यात कमी असेल तर तिथल्या डिफ्यूझरचा दोष. सगळीकडे ४ च्या वर असेल तर वीज वाया जातेय आणि गाळाचे गोळे फुटून बारीक कण पाण्याबरोबर निघून जातात. तेव्हा फेरे कमी करा.

## ८. गाळ मोजा आणि रोज काढा

एक लिटरचा मापाचा सिलिंडर घ्या, टाकीतलं मिश्रण भरा, सावलीत न हलवता ३० मिनिटं ठेवा. आधी सगळं तपकिरी एकजीव दिसतं. पाच मिनिटांत दाणे धरतात, वर स्वच्छ पाण्याची रेघ दिसू लागते आणि ती हळूहळू खाली सरकते. ३० मिनिटांनी गाळाची रेघ २५० ते ४०० मिलिलिटरवर हवी. टाकीतला गाळ लिटरला ३,५०० मिलिग्रॅम असताना रेघ ३५० वर असेल तर गाळ उत्तम बसतोय.

रोज २४ किलो बीओडी खाल्ला की अंदाजे १२ किलो नवा कोरडा गाळ तयार होतो. परतीच्या गाळाच्या घट्टपणावर अवलंबून रोज दीड घनमीटरच्या आसपास गाळ बाहेर काढावाच लागतो. वाळवण्याचे वाफे भरलेत, फिल्टर प्रेस बिघडलाय म्हणून हे काम महिनोन्‌महिने राहतं. गाळ ३,५०० वरून ७,००० वर जातो, ऑक्सिजनची भूक वाढते, घट्ट मिश्रणात हवा विरघळणंही घटतं, डीओ ०.५ वर येतो. मग नवीन ब्लोअरचा प्रस्ताव जातो. नव्या ब्लोअरवर सही करण्याआधी सिलिंडर भरून पाहा.

साचलेला गाळ एका दिवसात काढू नका. रोज थोडा जास्त काढत दोन-तीन आठवड्यांत पातळी खाली आणा.

## ९. लक्षणं आणि त्यांचे खरे अर्थ

टाकीत एका जागी पाणी खदखदतंय. तिथली पडदी फाटली किंवा डिस्क सुटली. त्या भागाचा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर सगळी हवा तिथूनच जाते.

गेजचा दाब महिन्यागणिक वाढतोय. छिद्रं बुजतायत. ०.३९ चा ०.४६ झाला की सफाईची वेळ आली. दाब अचानक खाली आला तर गळती. पाण्याची पातळी तीच असताना मोजलेलेच आकडे एकमेकांशी ताडा.

रंग काळपट, वास कुजक्या अंड्यासारखा. हवा पोहोचत नाही. चांगल्या गाळाचा रंग चॉकलेटी आणि वास ओल्या मातीचा असतो.

गडद तपकिरी, चिकट फेस. गाळ म्हातारा झालाय किंवा तेल येतंय. गाळ काढा, सापळा तपासा.

सेटलिंग टाकीत गाळाचे तुकडे वर तरंगतात. यावर हवा वाढवली जाते आणि तक्रार आणखी वाढते. सिलिंडरमधला गाळ दोन तास तसाच ठेवा. नीट खाली बसलेला गाळ नंतर एकदम वर उचलला गेला तर तो नायट्रेटपासून सुटलेल्या नायट्रोजन वायूमुळे. सेटलिंग टाकीत गाळ फार वेळ पडून राहतोय. परतीचा पंप जास्त चालवा. सुरुवातीपासूनच बसत नसेल तर मात्र तंतुमय जिवाणूंचा त्रास आहे, आणि तेव्हा डीओ, तेल आणि सडकं पाणी यांच्याकडे बघा.

राखीव ब्लोअर बंद असताना उलटा फिरतोय. त्याचा एनआरव्ही गेला. तसाच चालू केला तर शाफ्ट तुटू शकतो.

## १०. उन्हाळा आणि लाइट

२० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना ७ च्याही आत. त्याच वेळी जिवाणूंची भूक वाढते आणि ब्लोअरची हवा विरळ होते. एप्रिलपासून जूनपर्यंत तिन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून मार्चअखेर फिल्टर, पट्टे, ऑइल बदला आणि गाळ ३,००० च्या आसपास आणून ठेवा. थंडीत उलट: जिवाणू मंदावतात, अमोनिया उतरत नाही, तेव्हा गाळ थोडा जास्त राखा.

लाइट गेली की चार मिनिटांत डीओ शून्य. गाळ काही तास तग धरतो, पण त्या वेळात नवीन सांडपाणी आत जाता कामा नये. फीड पंप ब्लोअरशी इंटरलॉक करा. ब्लोअर बंद तर फीड बंद. लाइट चार-पाच तासांहून जास्त जात असेल तर जनरेटरवर आधी ब्लोअर घ्या, बाकी पंप नंतर. वीज आल्यावर बायपास (हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून ब्लोअर सुरू करा, एक-दोन मिनिटांत हळूहळू बंद करत हवा जाळ्यात घ्या. सगळे व्हॉल्व्ह थोडे-थोडे उघडून पाइपात साठलेलं पाणी बाहेर जाऊ द्या.

बिल वाचवायला रात्री ११ ते ६ ब्लोअर बंद ठेवणं हा महागात पडणारा उपाय आहे. बंद काळात गाळ डिस्कवर बसून छिद्रं बुजवतो. वाचवायचंच असेल तर व्हीएफडीने रात्री फेरे कमी करा, प्रत्येक डिस्कला ताशी २ घनमीटरच्या खाली न जाता.

## ११. डिफ्यूझरची सफाई

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातला चुना पडदीच्या छिद्रांच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. हा थर लवकर जमू नये म्हणून आठवड्यातून एकदा एकेका भागाला पाच-दहा मिनिटं जास्तीत जास्त हवा द्या. बाकीच्या भागांचे व्हॉल्व्ह थोडे आवळले की झालं. डिस्कवर ताशी ६ घनमीटरच्या पुढे जाऊ नका आणि गेजवर नजर ठेवा. पडदी ताणली की थर तडकून सुटतो.

एवढ्यानं दाब उतरला नाही तर भाग वर ओढून काढा. आधी मऊ ब्रश आणि पाणी. मग ५ टक्के सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तासभर बुडवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. तारेचा ब्रश, दगड, चाकू लावू नका. कडक झालेली किंवा ओढल्यावर परत न येणारी पडदी धुण्यात वेळ घालवू नका, बदला.

सावधान: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. दोन्हीची भांडी, बादल्या, ब्रश वेगळे ठेवा.

सावधान: डिस्क बदलायला माणूस टाकीत उतरवू नका. गाळातला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत बेशुद्ध करतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. सेप्टिक टाकी आणि गटारात संरक्षणाशिवाय माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. हवेच्या टाकीलाही तोच नियम लावा. टाकी रिकामी करून उतरावंच लागलं तर गॅस मीटर, ब्लोअरऐवजी वेगळ्या पंख्याची ताजी हवा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं, यातलं एक जरी कमी असेल तर काम थांबवा. चालू टाकीच्या काठाला कठडा हवाच. उसळत्या पाण्यात खाली ओढणारे प्रवाह असतात, पोहता येतं म्हणून सुटका होत नाही.

भाग पुन्हा बसवल्यावर पाण्याची पातळी, चालू ब्लोअरचे फेरे आणि व्हॉल्व्हची स्थिती पहिल्या चाचणीच्या दिवशी होती तशीच ठेवून गेज वाचा. आकडा भिंतीवर रंगवलेल्या आकड्याच्या जवळ आला तर सफाई लागू पडली. नसेल आला, तर अजून एखाद्या भागात बुजलेल्या डिस्क आहेत: एकेक भाग बंद करून गेज पाहा. जो भाग बंद केल्यावर दाब फारसा हलत नाही, त्यातून हवा जातच नव्हती. पुढच्या वेळी तोच भाग आधी वर काढा.